मॉनिटरिंगला डिस्क किती लागेल? पाच साधनं, एकच हिशोब

मॉनिटरिंग, म्हणजे सर्व्हरवर सतत नजर ठेवून त्यांची मोजमापं साठवणारी व्यवस्था, बसवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "डिस्क किती घ्यायची?" आणि उत्तर बहुधा अंदाजपंचे येतं: पाचशे जीबी घ्या, पुरेल. कधी ती वर्षभर रिकामी पडून राहते, कधी तिसऱ्या महिन्यात भरते.

गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडचं नाही. मालिका किती, दर किती सेकंदांनी नोंद घ्यायची, ती किती दिवस ठेवायची आणि एका नोंदीला किती बाइट लागतात. मालिका म्हणजे एका मशीनवरचं एक मोजमाप, जसं एका सर्व्हरच्या एका डिस्कवरची मोकळी जागा. पहिले तीन आकडे तुमच्या हातात असतात, चौथा साधनाच्या, म्हणजे ही मोजमापं साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या. गंमत म्हणजे साधनांची तुलना करताना सगळे त्या चौथ्यावरच भांडतात. माझं मत वेगळं आहे. पहिला आकडा तुमचा चुकणारच, कारण मालिका किती होतील हे आधी कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून साधन निवडताना हे बघावं, की अंदाज चुकला तर त्याची किंमत कुठे आणि कधी मोजावी लागते.

तुलनेसाठी एक काल्पनिक पण बेताची मांडणी घेऊ. २०० मशीन, प्रत्येकावर १५० मालिका, म्हणजे ३०,००० मालिका. दर ६० सेकंदांनी एक नोंद, म्हणजे सेकंदाला ५००. वर्षभर ठेवायचं म्हटलं तर १,५७६ कोटींहून जास्त नोंदी. खाली १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरले आहेत. शेवटच्या रकान्यात पहिले ३० दिवस दर मिनिटाची नोंद आणि वर्षभरासाठी दर दहा मिनिटांची सरासरी, असं धरलंय. झॅबिक्समध्ये ही जुनी नोंद तासाची असते.

| साधन | एका नोंदीला बाइट | वर्षभर दर मिनिटाची नोंद | ३० दिवस बारीक, वर्षभर विरळ |
|---|---|---|---|
| आरआरडीटूल | ८ | १२६ जीबी | २३ जीबी |
| ग्राफाइट (व्हिस्पर) | १२ | १८९ जीबी | ३४.५ जीबी |
| प्रोमिथिअस | १ ते २ | १६ ते ३२ जीबी | स्वतः विरळ करत नाही |
| इन्फ्लक्सडीबी, पहिली पिढी | सुमारे ३ | ४७ जीबी | सुमारे ९ जीबी |
| झॅबिक्स | सुमारे ९० | १,४१९ जीबी | १४० जीबी |

तिसरा आणि चौथा रकाना एकमेकांशेजारी ठेवून बघा. प्रोमिथिअसमध्ये एकही नोंद न गाळता वर्षभराचं सगळं ३२ जीबीत बसतं, आणि व्हिस्परमध्ये महिन्यानंतरचे बारकावे टाकून देऊनही ३४.५ जीबी लागतात. पण हा तक्ता बघून लगेच निर्णय घेऊ नका.

आरआरडीटूल आणि व्हिस्पर: जागा आधीच अडवणारे

व्हिस्पर म्हणजे ग्राफाइटचा साठवणीचा भाग. या दोघांची रीत सारखी. मालिका पहिल्यांदा दिसली की तिची फाइल पूर्ण मापाने तयार होते. ती भरली की सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी नोंद चढते. फाइल ना वाढते, ना घटते. आरआरडीटूल एका आकड्याला ८ बाइट देतं. व्हिस्पर त्यासोबत ४ बाइटची वेळही लिहितं, म्हणून १२. वरच्या मांडणीत व्हिस्परची एक फाइल अशी होते: दर मिनिटाच्या ४३,२०० जागा, दर दहा मिनिटांच्या ५२,५६०, एकूण ९५,७६०, गुणिले १२, म्हणजे सुमारे १.१५ एमबी. हा आकडा पहिल्या दिवशी जितका खरा, तितकाच वर्षानंतरही. डिस्क भरायचीच असेल तर ती बसवतानाच भरेल, मध्यरात्री फोन करून उठवणार नाही. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

मेख आहे ती मालिकांच्या नावांत. कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायला क्षणात उभी होणारी आणि पुसली जाणारी बंदिस्त खोकी, वापरत असाल तर प्रत्येक नवी आवृत्ती चढवताना नवी नावं जन्माला येतात. रोज ४० कंटेनर नव्या नावाने उभे राहतात आणि प्रत्येकाच्या १५० मालिका आहेत असं धरा. रोजच्या ६,००० नव्या फाइली, म्हणजे दिवसाला जवळपास ७ जीबी. कंटेनर दोन तास जगला तरी त्याची फाइल वर्षभराच्या मापाचीच बनते, आणि तुम्ही झाडलोट केली नाही तर तशीच पडून राहते. ज्या साधनाचा अंदाज सगळ्यात पक्का, तेच इथे पाच दिवसांत वर्षाच्या अंदाजपत्रकाएवढी जागा खातं.

दुसरी अडचण धोरण बदलण्याची. व्हिस्परमध्ये किती दिवस ठेवायचं हे सेटिंगमध्ये बदललं, तरी आधीच्या फाइली जुन्याच मापाच्या राहतात. त्या एकेक करून नव्या मापात बसवाव्या लागतात.

सरासरीचाही विचार करा. दहापैकी एका मिनिटाला सीपीयू १०० टक्क्यांवर होता आणि उरलेली नऊ मिनिटं १० टक्क्यांवर, तर दहा मिनिटांच्या नोंदीत १९ टक्के दिसेल. नेमकी जी उसळी शोधायची, तीच गायब. उपाय म्हणजे कमाल आकडाही ठेवणं. आरआरडीटूलमध्ये तो त्याच फाइलीत वेगळा कप्पा म्हणून बसतो आणि २३ जीबीचे साधारण ३६ होतात. व्हिस्परच्या एका फाइलीला गोळाबेरजेची एकच पद्धत लागू होते. म्हणून कमाल हवी तर ती वेगळी मालिका म्हणून पाठवा आणि जागा दुप्पट धरा. हे दुप्पट करणं अंदाज बांधताना सर्रास विसरलं जातं.

जाता जाता: ३०,००० फाइलींना दर मिनिटाला एकेक नोंद म्हणजे सेकंदाला ५०० विखुरलेली लेखनं. फिरत्या चकतीची डिस्क साधारण शे-दोनशेच्या पुढे दमते. नोंदी साठवून एकदम लिहिणारी सोय दोन्हींकडे आहे, ती चालू ठेवा. नाहीतर जागा शिल्लक असूनही डिस्क अपुरी पडेल.

प्रोमिथिअस: कमी खातो, पण कधी थांबायचं ते सांगावं लागतं

एका नोंदीत वेळेचे ८ आणि आकड्याचे ८ असे १६ बाइट असतात, ते एक-दोन बाइटवर कसे येतात? फेसबुकच्या गोरिला या रचनेवरचा शोधनिबंध २०१५ साली आला, त्यात हे प्रमाण १.३७ बाइटपर्यंत उतरवलं होतं. प्रोमिथिअस त्याच धर्तीवर चालतो. पूर्ण वेळ न लिहिता आधीच्या अंतरात किती फरक पडला तेवढंच लिहायचं. आकडाही मागच्या आकड्याशी ताडून जेवढा बदलला तेवढाच. नोंदी ठरल्या वेळी येत असतील आणि आकडा हललाच नसेल, तर दोन्हींना मिळून दोन बिटही पुरतात. उलट प्रतिसादाला लागलेला वेळ बऱ्याच दशांशांसह मोजत असाल, तर दोन बाइटची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. "एक ते दोन" ही सरासरी आहे, हमी नाही. अंदाजाला दोनच धरा.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. जागा वाचवायची म्हणून लोक ६० सेकंदांचे १२० करतात आणि वापर निम्म्यावर यायची वाट बघतात. तो तितका येत नाही. प्रत्येक मालिकेचा स्वतःचा खर्च, म्हणजे तिची नावपट्टी आणि सूचीतली जागा, तसाच राहतो. नको असलेल्या मालिकाच गाळणं जास्त फायद्याचं, आणि प्रोमिथिअसचं अधिकृत मार्गदर्शनही तेच सांगतं. आधी मालिकांची यादी काढा. कोणी कधीच न बघितलेल्या निम्म्या तरी निघतील, असा माझा कयास.

नावं सतत बदलण्याचं संकट इथे वेगळ्या रूपात येतं. दोन तास जगलेल्या कंटेनरच्या दोन तासांच्याच नोंदी साठतात, त्यामुळे डिस्कला व्हिस्परइतका फटका नाही. फुगते ती सूची, आणि त्याहून जास्त मेमरी. डिस्क सांभाळली आणि रॅम संपली, असं इथे होतं.

डीफॉल्ट मुदत १५ दिवसांची आहे. आपल्या मांडणीत ती १.३ जीबीत आटोपते, म्हणून चाचणीत सगळं स्वस्त वाटतं. मुदत वर्षावर नेली आणि नोंद १५ सेकंदांवर आणली की तेच १२६ जीबी होतात. प्रोमिथिअस नोंदी काळानुसार गठ्ठ्यांत ठेवतो. मुदत संपलेले गठ्ठे अख्खे बाद झाल्याशिवाय पुसले जात नाहीत, आणि लहान गठ्ठे जोडून मोठे करताना जुने-नवे दोन्ही काही काळ डिस्कवर असतात. वर्षाच्या मुदतीत एक गठ्ठा ३१ दिवसांपर्यंत वाढतो. म्हणजे १५ सेकंदांच्या हिशोबाने साधारण ११ जीबी जास्तीचे मोकळे हवेत.

आकाराची मर्यादाही घालता येते, पण ती मुळात बंद असते. ती चालू करून डिस्कच्या ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवावी, असा अधिकृत सल्ला आहे. मग अंदाज चुकला तर सर्वात जुने दिवस जातात आणि सेवा चालू राहते. माझ्या मते चुकण्याची ही सगळ्यात सभ्य तऱ्हा. मात्र "वर्षभराचा डेटा आहे" असं वरिष्ठांना सांगितलं असेल, तर तो खरंच किती दिवसांचा उरलाय हे अधूनमधून तपासा.

जुना डेटा विरळ करायला लोक प्रोमिथिअसला थॅनोस हे जोडसाधन जोडतात. त्याने जागा वाचेल असं समजू नका. मूळ नोंदी ठेवून पाच मिनिटांची आणि तासाची आवृत्ती तो शेजारी बनवतो, म्हणून जागा उलट वाढते. त्याचा फायदा लांब पल्ल्याचे आलेख पटकन उघडण्यात आहे.

इन्फ्लक्सडीबी

पहिल्या पिढीच्या मार्गदर्शनात आकड्याला सुमारे तीन बाइट सांगितले आहेत. मजकुराला मात्र माप नाही. विरळ करण्याचं काम तुम्ही लिहिलेल्या क्वेरी करतात, म्हणून तक्त्यातले ९ जीबी फक्त सरासरी ठेवली तरच. कमाल, किमान जोडलं की वाढणार. जुना डेटा अख्ख्या तुकड्यांनी टाकला जातो. मुदत सहा महिन्यांहून मोठी असेल तर तुकडा मुळात सात दिवसांचा असतो, तेव्हा आठवडाभराची जास्तीची जागा धरा. मोजमापांसोबत घटनांच्या नोंदीही ठेवायच्या असतील, तर याचा विचार करावा.

झॅबिक्स: नव्वद बाइट कशाचे?

झॅबिक्सचा डेटा साध्या डेटाबेसमध्ये, म्हणजे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये ओळींच्या रूपात जातो. ओळ म्हटली की तिचा संसार आलाच: ओळखक्रमांक, वेळ, निर्देशांक (ओळ पटकन शोधायची सूची). म्हणून सुमारे ९० बाइट. तरीही अलार्म, यादी, आलेख, परवानग्या हे सगळं एकाच छपराखाली मिळतं, त्यामुळे नुसत्या जागेवरून याला बाद करणं अन्यायाचं ठरेल. फक्त बारीक इतिहास वर्षभर ठेवायचा हट्ट सोडा. ३० दिवसांचा इतिहास ११७ जीबी, आणि तासाची किमान, कमाल, सरासरी वर्षभर ठेवायला आणखी २४. उसळी इथे हरवत नाही, हे विशेष. आकडा बदलला नाही तर नोंद टाकून देण्याची सोयही आहे. डिस्कचा आकार, आवृत्ती क्रमांक अशा क्वचित हलणाऱ्या मालिकांवर ती लावली की ११७ चा आकडा चांगलाच खाली येतो.

चूक महाग पडते ती इथे. मायएसक्यूएलमध्ये जुन्या ओळी पुसल्या तरी फाइल लहान होत नाही. मोकळी जागा आतच राहते. ती परत मिळवायला डेटाबेसमधला तक्ता नव्याने बांधावा लागतो, आणि त्यासाठी जवळपास तक्त्याएवढीच मोकळी जागा लागते. डिस्क ९५ टक्के भरल्यावर हे ध्यानात आलं तर उपयोग शून्य. म्हणून पहिल्याच दिवशी त्या तक्त्याचे दिवसवार विभाग पाडा. जुना विभाग टाकला की जागा लगेच सुटते. पोस्टग्रेसवर असाल तर टाइमस्केलडीबी हा त्याचा जोडभाग बसवून जुना डेटा दाबून ठेवता येतो.

डिस्कवरच्या आकड्याबद्दल

१ टीबी लिहिलेली डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमला ९३१ दिसते, कारण ती १,०२४ च्या पटीत मोजते. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) त्यातले पाच टक्के मुळातच रूट, म्हणजे मुख्य, वापरकर्त्यासाठी राखून ठेवतं. बॅकअप त्याच डिस्कवर घेणार असाल तर तेही धरा. प्रोमिथिअसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, फसवा असतो. घेताना जवळपास शून्य जागा लागते, कारण तो त्याच फाइलींना दुसरं नाव देतो. पण पुढे मूळ गठ्ठ्याची मुदत संपली, तरी स्नॅपशॉट असेपर्यंत जागा सुटत नाही.

मग कोणतं घ्यायचं?

मशीन ठरलेली, नावं स्थिर, डिस्क लहान आणि वाढवायला अवघड असेल, तर आरआरडीटूलवर चालणारं काहीही घ्या. जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका. कंटेनरची ये-जा असेल तर व्हिस्पर टाळा आणि प्रोमिथिअस घ्या, आकाराच्या मर्यादेसह. दोन-तीन वर्षांचा बारीक डेटा लागणार असेल तर त्याला व्हिक्टोरियामेट्रिक्स हे वेगळं साठवण-साधन जोडून बघा. त्याचे निर्माते एका नोंदीला सरासरी एका बाइटहून कमी जागा सांगतात. मात्र २० टक्के डिस्क मोकळी ठेवायला विसरू नका. नेटवर्कची उपकरणं आणि सर्व्हर एकत्र बघणारी लहान टीम असेल तर झॅबिक्स, विभाग पाडून.

काहीही निवडलं, तरी खरेदीआधी दहा मशीनवर आठवडाभर चालवा. पहिले दोन दिवस मोजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसाची वाढ घ्या, पाचाने भागा, मशीनच्या प्रमाणात वाढवा. व्हिस्पर असेल तर दिवसाची वाढ नको, फक्त नव्या फाइली मोजा. नवी आवृत्ती चढवण्याचा एक तरी दिवस त्या आठवड्यात येऊ द्या.