काजरी-७५ अंजन गवताचं बियाणं: घेताना काढणीचं वर्ष विचारा

हलकी, मुरमाड जमीन आणि कमी पाऊस असेल, कायमचं कुरण करायचं असेल, तर अंजन गवताचा काजरी-७५ हा वाण जरूर घ्यावा. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचा हा वाण 'मारवाड अंजन' म्हणूनही ओळखला जातो. एकदा बसला की कापणीनंतर पुन्हा फुटतो आणि जनावरं आवडीनं खातात. 'उगवलंच नाही' ही तक्रार मात्र सर्रास ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा बियाण्याचं वय किंवा पेरणीच्या वेळची ओल हे असतं.

पिशवीत सुटे दाणे नसतात, केसाळ तुसांचे झुपके असतात. कशात एक-दोन दाणे, काही अगदी पोकळ. मूठभर झुपके नखानं चुरून बघितले की भरलेले किती ते लगेच कळतं. प्रमाणित बियाण्याला उगवण किमान ३० टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त १० टक्के असा निकष आहे. ज्वारी-बाजरीची सवय असलेल्याला ३० टक्के म्हणजे फसवणूक वाटेल, पण या गवताला तो आकडा रास्त आहे.

ताजं बी सुप्तावस्थेत असतं, म्हणजे ओल मिळाली तरी लगेच उगवत नाही. काढणीनंतर कोरड्या, उबदार जागी सहा महिने ते वर्षभर राहिलं की उगवण चांगली सुधारते. म्हणून हिवाळ्यात काढलेलं बी लगेच पेरण्यापेक्षा आदल्या हंगामाचं घ्यावं. पोतं मात्र दमट कोपऱ्यात नको. कोरड्या बियाला उन्हाळ्याची ऊब मानवते. ऊब आणि ओल एकत्र आली की तेच बी मरतं.

घरी चाचणी करायची तर ओल्या कागदावर, झाकणाच्या डब्यात, दिवसा ३५ आणि रात्री २० अंशांच्या आसपास ठेवा आणि पूर्ण २८ दिवस थांबा. कागद ओला हवा, पाणी साचलेलं नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर असताना उघड्यावर केलेली चाचणी चांगल्या बियालाही नापास करते. ऑक्टोबरनंतरची पेरणी रेंगाळते तीही याच थंडीमुळे.

शेतात खरा घात पहिल्या सरीनं होतो. थोड्या पावसानं वरचा थर भिजतो, कोंब निघतात, मग चार-पाच दिवस कडक ऊन पडतं आणि बोटभर मुळं सुकून जातात. बी वरच असल्यानं खालची ओल त्याच्या कामाची नसते. सगळे दाणे एकदम न उगवणं हा गवताचा यावरचाच उपाय आहे, त्यामुळे विरळ उगवण दिसली म्हणून घाईनं नांगर घालू नका. बी रात्रभर भिजवायचं असेल तर जमीन आधीच ओली हवी आणि पाऊस लागून राहिलेला हवा. कोरड्या मातीत भिजवलेलं बी टाकणं म्हणजे ते वाया घालवणं.

हेक्टरी ४ ते ५ किलो पुरतं. झुपके वाऱ्यानं उडतात आणि पाभरीच्या नळीत अडकतात, म्हणून ओलसर वाळू किंवा माती मिसळून हातानं काकरीत सोडा. दोन ओळींत ५० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा. खोली १ सेंटिमीटर, त्याहून फार नको; वरून काटेरी फांदी ओढली की तेवढी माती पुरे. फणानं खोल गाडलेलं बी वर येत नाही, आणि ही चूक फार जण करतात.

भारी काळ्या, पाणी साचणाऱ्या रानासाठी हे बियाणं घेऊ नये. तिथे मारवेल गवताचे ठोंबे लावणं सरस. विक्रेत्यांकडून एकच अपेक्षा आहे: चाचणीच्या तारखेशेजारी काढणीचा महिनाही ठळक छापा.