जुना एंटरप्राइज लेथ घेताय? रंगाकडे नका पाहू, बेडवर नख फिरवा

कर्नाटकातल्या हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचा हा लेथ, म्हणजे धातूचा रॉड फिरवत कातायचं मशीन. आयटीआयला टर्नर ट्रेड याच मशीनवर शिकलो, म्हणून सहा फुटी बेडचा (ज्यावर बाकी भाग सरकतात तो लोखंडी पाया) एक विकाऊ आहे म्हटल्यावर राहवलं नाही. १ लाख ४० हजारांत घेतला आणि ट्रकने वाडीच्या शेडमध्ये आणला.

विकणाऱ्याने हिरवा रंग मारून ठेवला होता, अजून हाताला लागत होता. "भाऊ, बेड एकदम टकाटक." मोटर चालू केली, गिअरचा आवाज गोड. झीज मोजायचा डायल गेज पिशवीतच राहिला. ही चूक तुम्ही करू नका.

चकमध्ये (रॉड पकडून फिरवणारा जबडा) रॉड धरला, १५० मिमी अंतरावर रॉडवरच दोन कॉलर (जाड कडी) ठेवून एकाच सेटिंगवर हलका कट मारला. मायक्रोमीटरने दोन्हींच्या व्यासात ०.०८ मिमीचा फरक! सॅडल म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या कॅरेजचा तळ; त्याच्या पट्ट्या चकजवळ कसल्या तर दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे (जॉबला आधार देणारा भाग) कॅरेज अडकायची. आखूड जॉब सगळे चकजवळच होतात, म्हणून बेड तिथेच झिजतो. नख आडवं फिरवलं तर झिजलेल्या भागाच्या काठाला पायरी लागते. विकणारा नंतर फोनच उचलेना.

बेड ग्राइंडिंग करून घेतला. पण ग्राइंडिंगने बेडची उंची उतरली की सॅडलही खाली येतं आणि कॅरेजमधला हाफ नट लीड स्क्रूवर (कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) नीट बसत नाही. म्हणून सॅडलखाली टर्साइटच्या (घसरट प्लास्टिक) पट्ट्या चिकटवल्या, टेलस्टॉकखाली पॅकिंग दिलं. मग स्क्रेपिंग, म्हणजे हाताने खरडून पृष्ठभाग जुळवणं. आमच्या ओळखीचे एक म्हातारे फिटर काका आले. बेडवर निळी लावायची, सॅडल सरकवायचं, उलटं करून जिथे निळा ठिपका दिसेल तिथेच खरडायचं. मे महिना, पत्र्याची शेड, कूलर गरम हवा फेकतोय, पण काकांचा हात डळमळला नाही. चार दिवस लागले. असा हात आता शोधूनही सापडत नाही, त्यांच्या मजुरीत मी एक रुपया कमी केला नाही.

क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणारा भाग) गनमेटल नट नवा टाकला. कारखाना बंद पडून वर्षं झाली, तेव्हा पार्ट बनवूनच घ्यावे लागतात. दुरुस्तीला ८५ हजार गेले.

तरी हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) अस्सल आहे, बेअरिंगला हात लावावा लागला नाही. तीच दोन कॉलरची परीक्षा पुन्हा घेतली, फरक ०.०१. काल ४० मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) रॉडमध्ये पार्टिंग टूल (रॉड कापून वेगळा करणारं) उतरवलं, जराही थरथर नाही, चिप सलग गुंडाळत बाहेर आली.