सीबर्ड 911प्लस सीटीडी आणि 24 बाटल्यांचा रोझेट: सेन्सर अव्वल, जपायच्या त्या बाटल्या

समुद्रविज्ञानाच्या जहाजावर रोझेटइतक्या वेळा, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर पाणी भरून आणणाऱ्या बाटल्यांच्या गोल चौकटीइतक्या वेळा, दुसरं कुठलंच यंत्र पाण्यात उतरत नाही. त्यातल्या 911प्लस सीटीडीच्या, म्हणजे पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या, सेन्सरांबद्दल तक्रारीला जागा नाही. सेकंदाला 24 नोंदी केबलवरून थेट पडद्यावर येतात आणि तापमानाची अचूकता 0.001 अंश सेल्सिअस आहे. ॲल्युमिनियमचं कवच 6,800 मीटरपर्यंत चालतं. त्याहून खोल जायचं तर टायटॅनियमचं घ्यावं, ते 10,500 मीटरपर्यंत टिकतं.

तापमान आणि वाहकता (जिच्यावरून क्षारता काढतात) मोजणाऱ्या सेन्सरांची दुसरी जोडी मात्र घ्याच. दोन जोड्यांचे आकडे वरच्या थरात जुळेनात, तर बहुतेकदा सेन्सरांना पाणी पुरवणाऱ्या एका नळीत हवा अडकलेली असते. हवा बाहेर पडण्यासाठी ठेवलेलं बारीक छिद्र मिठाने किंवा मळाने बुजतं आणि पंप पाणी ओढत नाही. छिद्रातून अधूनमधून बारीक तार फिरवावी. रोझेट 10 मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवावा, पंप चालू झाल्याची खात्री करावी, पृष्ठभागाजवळ आणावा आणि मगच खाली सोडावा. वेग मिनिटाला 60 मीटर ठेवला, तर 4,000 मीटर गाठायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तळाजवळ अल्टिमीटर (तळापासूनचं अंतर मोजणारा सेन्सर) आकडे देऊ लागला की वेग कमी करा.

खरी काळजी बाटल्यांची. बाटली बंद करण्याआधी त्या खोलीवर निदान अर्धा मिनिट थांबायला हवं, कारण वर येताना रोझेट आपल्याबरोबर खालचं पाणी ओढून आणतो. झाकणं ओढून धरणारी दोरी शेजारच्या बाटलीत अडकली, झाकणं मिटवणारं आतलं रबर सैल पडलं किंवा ओ-रिंगवर (झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा कण बसला, की बाटली दुसऱ्याच खोलीचं पाणी घेऊन येते. पडद्यावर मात्र ती व्यवस्थित बंद झालेली दिसते! म्हणून डेकवर आल्यावर वरचा हवेचा स्क्रू बंद असतानाच खालचा नळ उघडून पाहा. पाणी वाहिलं तर बाटली गळकी. तशी नोंद करून ठेवा.

नमुने काढण्याचा क्रम मोडू नये. आधी विरघळलेले वायू, त्यात ऑक्सिजन लवकर, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं आणि सगळ्यात शेवटी क्षारता. ऑक्सिजनच्या कुपीत नळी तळापर्यंत घालून कुपीच्या दोन-तीनपट पाणी वाहू द्यावं. एक बुडबुडा राहिला तरी विंकलर पद्धतीचं (ऑक्सिजन मोजण्याच्या रासायनिक पद्धतीचं) उत्तर बिघडतं. क्षारतेची बाटली तीनदा विसळून भरावी. सॅलिनोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) मोजलेले हेच आकडे वाहकतेच्या सेन्सरचा हळूहळू सरकणारा कल पकडतात, त्यामुळे रात्रपाळीत कंटाळून हे नमुने टाळणं महागात पडतं.

दोन मर्यादा आधीच माहीत असाव्यात. वनस्पतिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या) वाढीच्या प्रयोगांना बाटल्यांमधलं काळं रबर मारक ठरतं. तिथे त्या रबराऐवजी सिलिकॉनची नळी किंवा टेफ्लॉनचा लेप दिलेली स्प्रिंग बसवावी. लोहासारख्या अत्यल्प प्रमाणातल्या धातूंसाठी पोलादी चौकटीचा हा रोझेट वापरूच नये. त्यासाठी पाण्यात धातू न सोडणारी केबल आणि वेगळ्या बाटल्या लागतात.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं आणि वाहकतेच्या नळ्यांतून ट्रायटन या स्वच्छकाचं सौम्य पाणी फिरवणं, एवढी देखभाल पुरते. थंड समुद्रात डेकवर ठेवताना नळ्यांत पाणी गोठू देऊ नका, आतली काच तडकते. सुटे भाग मागवताना ओ-रिंग, दोऱ्या आणि नळांचे खोके सेन्सरांच्या आधी यादीत लिहा.