आडनावाची फाईल करून देणारं सेंटर, 1200 रुपयात काय भेटलं ते सांगतो

पाचपैकी तीन स्टार. खरं तं अडीचच देणार होतो पण ते पोरगं मेहनती आहे म्हणून अर्धा वरून दिला.

आमच्या तालुक्याला बस स्टँडच्या मागं एक ऑनलाइन सेंटर आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण उद्या मलाच तिथं पीक विम्याचा फॉर्म भरायला जा लागते. 2023 मधी कुणबी नोंदी शोधायचं निघालं, तहसीलातले कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या), शाळेचे दाखल-खारीज असं सगळं धुंडाळणं सुरू झालं, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून वेबसाइटवर टाकलं, तवापासून लोकाइले जुन्या कागदाचा नादच लागला. मंग या भावानं बोर्ड लावला, "आडनाव सांगा, जुने रेकॉर्ड घेऊन जा". आमचे आबा ऐंशीच्या वर आहेत, त्यायनं तो बोर्ड वाचला अन् घरी येऊन जेवलेच नाही. म्हणे, "आपली वंशावळ काढून आण बाप्पा, मी गेल्यावर तुम्हाले कोण सांगणार हाय?"

आडनाव देशमुख. इथंच सगळी गंमत आहे.

आठ दिवसांनी फाईल भेटली. स्पायरल बायंडिंग, वरतून प्लास्टिक, 140 पानं. वजन पाहूनच आबा खूश. मी रात्री वाचत बसलो तं पहिल्या पन्नास पानात आमच्या गावाचं नावच नाही. पहिलं पान लोकहितवादींचं, गोपाळ हरी देशमुख, 1823 चा जन्म, 1848 पासून प्रभाकर साप्ताहिकात शतपत्रं लिहिली ते. मोठा माणूस, वाद नाही, पण ते कोकणस्थ अन् त्यायचं मूळ आडनाव सिद्धये, आमचा काय संबंध? त्यानंतर सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 49. आता हे इथं काहून आले ते मला लवकर समजलंच नाही, मंग कागद नीट पाहिले तवा टोटल लागली. ते आयसीएस होऊन आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरीला होते, बंदोबस्त अधिकारी म्हणजे जमिनीचा सारा ठरवणारा म्हणून काम केलेलं, म्हणून "देशमुख" अन् "मध्य प्रांत" असं दोन्ही टाकलं की सरकारी कागदावर त्यायचंच नाव वर येते. माणूस महाडजवळच्या नाते गावचा, पण फाईलमधी आमच्या पणज्याच्या आधी बसला. आबा म्हणे, "असू दे, शोभा येते."

पंजाबराव देशमुख मात्र निघाले तवा बरं वाटलं. आपल्याच अमरावती जिल्ह्याचे, पापळचे, 1898 चा जन्म. वेदकाळातल्या धर्मावरचं त्यायचं इंग्रजी पुस्तक 1933 मधी ऑक्सफर्डच्या प्रेसनं छापलं, त्याच्या नोंदीचं प्रिंट होतं. आम्ही लहानपणापासून त्याइले शिवाजी शिक्षण संस्था अन् कृषिमंत्री एवढंच ओळखतो, वेदावर लिहिलं हे गावात दोघालाच माहीत असंल. घटना समितीतल्या चर्चेची पानं पण होती, "डॉ. पी. एस. देशमुख" म्हणून. त्या समितीत दुर्गाबाई देशमुख पण होत्या ना, पण त्या फाईलमधी नाहीत. मी विचारलं तं पोरगा म्हणे सर्चमधी आल्याच नाही. कशा येतील! तिथं त्यायचं नाव "जी. दुर्गाबाई" आहे, सी. डी. देशमुखांशी लग्न 1953 मधी झालं, त्याच्या आधी त्या देशमुख नव्हत्याच. म्हणजे ज्याचा संबंध नाही तो आडनावामुळं आत अन् जिचा आहे ती बाहेर.

अन् पंजाबरावांचं पण मूळ आडनाव कदम. मी हे आबाइले सांगितलं तं ते काहीच बोलले नाही, मंग पान लावता लावता म्हणाले की आपलं बी येगळंच होतं. (कोणतं ते इथं लिहत नाही, भाऊबंद वाचतात.)

आता हे आधी सांगायचं ना आबा! बाराशे रुपये गेल्यावर सांगता!

देशमुखी हे वतन होतं हो. परगण्याचा वसूल पाहणारा तो देशमुख अन् हिशोब ठेवणारा देशपांडे. मराठा, कुणबी, ब्राह्मण, सीकेपी, मुसलमान सुद्धा, ज्याच्याकडं वतन तो देशमुख. वऱ्हाड 1853 ला निजामाकडून इंग्रजाकडं आलं, पुढं रयतवारी बंदोबस्त झाला, म्हणजे सरकार कास्तकाराकडून थेट सारा घ्यायला लागलं, अन् देशमुखाचं वसुलीचं काम गेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. त्यामुळं देशमुख टाकून घराणं शोधणं म्हणजे "पाटील" टाकून पाव्हणा शोधल्यासारखं आहे.

पोराचं कौतुक कुठं करायचं तं शोधण्याच्या हिकमतीत. देशमुख हे इंग्रजीत पाच-सहा तऱ्हेनं टाकून पाहते, डबल ओ लावून, एच काढून. अमरावतीचं जुनं स्पेलिंग वेगळं, एलिचपूर म्हणजे अचलपूर अन् 1905 पर्यंत तो वेगळा जिल्हाच होता, यवतमाळ त्याच्या आधी वणी जिल्हा म्हणून होता, हे त्याला सगळं तोंडपाठ. 1870 चं लायल साहेबाचं वऱ्हाडचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीचं पुस्तक, अन् 1911 चं अमरावतीचं, दोन्हीतली कामाची पानं काढून दिली. ती पानं वाचायला लय मजा आली, देशमुखाचे हक्क काय होते, पाटलाशी कसं जमत नव्हतं. पण त्यात आमचं घर नाही. होणार बी नाही, गॅझेटियरमधी कास्तकाराचं नाव कोण टाकते.

माझी खरी तक्रार इथं आहे. मूळ आडनाव कळल्यावर मी परत गेलो अन् म्हटलं भाऊ आता हे टाक. त्यानं टाकलं, काहीच नाही. मंग मीच म्हटलं आडनाव सोड, गाव टाक अन् कोतवाल बुक उघड. तं दीड तासात चार पानं निघाली. त्याच्यात आडनावच नाही! नुसतं नाव, वल्द अमुक (म्हणजे अमक्याचा पोरगा), जात, तारीख, मुलगा का मुलगी. पणज्याच्या बापाचं नाव आबाइले माहीत होतं म्हणून ओळखलं, नाही तं डोळ्यासमोरून गेलं असतं. म्हणजे 140 पानं आडनावाची अन् आमची वरची चार, त्या चारीवर आडनाव नाही. या चार पानाचे त्यानं वरून 200 घेतले, हे मला पटलं नाही. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला असता, की तुमच्या सहा पिढ्यातली कोणती नावं घरात पाठ आहेत, तं सगळंच सोपं झालं असतं.

बायकांचा तं पत्ताच नाही. मोठी आत्या फाईल चाळून म्हणे, "माह्यं नाव कुठी हाय?" तिचा जन्म सापडला पण नोंदीत "मुलगी" एवढंच, अन् लग्नानंतर ती दुसऱ्याच्या आडनावात गेली, तिकडची फाईल वेगळी करा म्हणते सेंटरवाला.

जायचं असंल तं सकाळी अकराच्या आत जा, नंतर ई-केवायसीची लाइन लागते. बाजाराच्या दिवशी अजिबात नाही. घरून नावं लिहून न्या, बाप, आजा, पणजा, त्यायचे भाऊ, गाव, जुना परगणा माहीत असंल तं तो पण. पैसे अर्धेच आधी द्या. अन् थोरामोठ्यांची पानं नको म्हणून आधीच सांगा, पानामागं पैसे लावते तो.

आबांनी ती फाईल देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली आहे, येईल त्याला सी. डी. देशमुखांचं पान दाखवतात, मी काही बोलत नाही. चारपैकी दोन पानं मोडीत आहेत, ती सेंटरवाल्याला वाचता आली नाही. अमरावती-अकोल्याकडं मोडी वाचणारं कोणी असंल तं सांगा, पैसे देतो.