एलईडी पट्टीला डिमर: स्विचबोर्डात की सप्लायच्या पुढे?

इंदूरला रामबागेत मावशीकडे महालक्ष्म्यांच्या आधी हॉलच्या पीओपीच्या खोबणीत पाच मीटर एलईडी पट्टी बसवली. उजेड छान पडला, पण आरतीला बसलं की डोळ्यांवर यायचा. कमी-जास्त करता यायला हवा, असं वायरमनला सांगितलं. "रेग्युलेटर लगा देते हैं, सब पे चलता है," म्हणत त्याने बोर्डात पंख्याचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून दिला. अर्ध्यापर्यंत फिरवला तरी उजेड तेवढाच. आणखी खाली नेला की पट्टी लुकलुकायची आणि खोबणीतून बारीक गुणगुण ऐकू यायची. चौथ्या दिवशी एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून पट्टीला देणारा सप्लाय, जळाला.

असा रेग्युलेटर किंवा जुन्या बल्बचा डिमर २३० व्होल्टच्या प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो. साध्या एसएमपीएसचं कामच आत येणारी वीज वर-खाली झाली तरी बाहेर १२ व्होल्ट कायम ठेवण्याचं. त्यामुळे तो आधी दाद देत नाही, मग वीज पुरेनाशी झाली की बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. हीच ती लुकलुक. शिवाय कापलेल्या लहरीमुळे आतल्या कपॅसिटरला झटक्यांनी करंट ओढावा लागतो, म्हणून तो तापतो आणि गुणगुणतो. ही जोडणी कुणी कितीही खात्रीने सुचवली तरी करू देऊ नका.

मग खरी निवड दोनांत उरते.

पहिला मार्ग पीडब्ल्यूएम डिमरचा. तो सप्लाय आणि पट्टीच्या मध्ये, कमी व्होल्टच्या बाजूला बसतो. तो व्होल्टेज कमी करत नाही, पट्टी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो आणि डोळ्याला सरासरी उजेड दिसतो. साधा एसएमपीएस चालतो, डिमर स्वस्त असतो आणि उजेड अगदी मंद करता येतो. दुकानात मात्र सगळ्यात मंद उजेडावर लावायला सांगा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो डिमर घेऊ नका. महाराणी रोडवर आम्ही तीन डिमर असेच लावून पाहिले, तेव्हा तिसरा पसंत पडला.

दुसरा मार्ग डिमेबल ड्रायव्हरचा. इथे डिमर भिंतीच्या बोर्डातच राहतो, पण साधा एसएमपीएस काढून अशा डिमरसाठीच बनवलेला ड्रायव्हर लावावा लागतो. तो महाग पडतो. डिमरला किमान लोडही लागतो. छोटी पट्टी त्याहून कमी वॅटची असेल तर मंद उजेडावर थरथर राहते, म्हणून ड्रायव्हर आणि डिमर एकमेकांशी जुळतात का, हे घेण्याआधी विचारा. पण भिंती रंगवून झाल्या असतील, बोर्डापासून खोबणीपर्यंत फक्त फेज-न्यूट्रल गेले असतील आणि नवी वायर ओढायला जागा नसेल, तर हाच मार्ग बरा. भिंत फोडण्यापेक्षा ड्रायव्हरचे जास्तीचे पैसे परवडतात.

रिमोट किंवा वायफायचा कंट्रोलर म्हणजे आतून पीडब्ल्यूएमच. घरात वयस्कर माणसं असतील तर भिंतीवर हाताने फिरवायचं बटण ठेवा. मोबाइल शोधून दिवा मंद करणं मावशीला जमत नाही, आणि का जमावं?

घर नवीन असेल किंवा काम चालू असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: २४ व्होल्टची पट्टी आणि पीडब्ल्यूएम डिमर. हिशेब बघा. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी ७२ वॅट खाते. १२ व्होल्टवर त्याचे ६ अँपिअर होतात, २४ वर फक्त ३. सप्लाय पट्टीपासून चार मीटर दूर असेल तर १.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन १२ व्होल्टवाल्याचा अर्ध्या व्होल्टाहून थोडा जास्त वाटेतच जातो. २४ वर पाव व्होल्टाच्या आसपास, आणि तोही दुप्पट व्होल्टांतून, म्हणून जाणवत नाही. वायरीतल्या या घटीने १२ व्होल्टची पट्टी सगळीच थोडी फिकी पडते, आणि पट्टीच्या आतल्या पातळ तांब्यातही अशीच घट होते म्हणून शेवटाकडे ती आणखी फिकी दिसते. सप्लाय आणि डिमर दोन्ही त्याच व्होल्टचे हवेत. ७२ वॅटला १०० वॅटचा सप्लाय घ्या, काठोकाठ नको. पाच मीटरपेक्षा जास्त लांबी असेल तर एका पट्टीच्या शेपटीला दुसरी जोडू नका, डिमरपासून दोघींना वेगळी वायर द्या.

१२ व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून जोड ढिले ठेवणारे बरेच भेटतात. ढिल्या क्लिपमधून ६ अँपिअर गेले की प्लास्टिक मऊ पडतं. मावशीच्या खोबणीत तपकिरी झालेली क्लिप मी स्वतः काढली आहे. सोल्डर करा, नाहीतर स्क्रूचं टर्मिनल घट्ट आवळा. पीओपीच्या आत सप्लाय कायमचा बंद करू नका, हात जाईल अशी झडप आणि हवा ठेवा. पत्र्याच्या सप्लायला अर्थिंग जोडाच. डिमरच्या वायरी २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका.

मावशीकडे आता बटण देवघराच्या चौकटीशेजारी आहे. सप्लायच्या झाकणावर मार्करने व्होल्ट, वॅट आणि बसवल्याची तारीख लिहिली आहे. पुढच्या वेळी येणारा वायरमन वेगळा असेल.