तास कमी करायचे की हातात पैसे द्यायचे?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीत, साध्या यंत्रमागांच्या खडखडाटात कामगार धोट्यातल्या सुताच्या कांड्या बदलत फिरत असतो. नव्या एअरजेट मागाला आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटाच नाही. हवेच्या झोताने तो धागा पलीकडे जातो, एकच माणूस कितीतरी माग बघतो. कापड वाढलं, मजुरी घेणारे हात घटले. मग ते कापड घ्यायचं कुणी?

एक वाट म्हणजे बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन. त्याच मागांवर जास्त घरांची चूल पेटते, कसब टिकतं. मात्र मजुरी मीटरवर ठरते, म्हणून दरही वाढवावा लागेल आणि चार-आठ मागांच्या छोट्या मालकाला तो झेपणार नाही. तिथे सरकारने वीजदरात हात द्यायला हवा.

दुसरी वाट थेट रोख रकमेची. ब्रिटिश इंजिनिअर सी. एच. डग्लस यांनी १९२० च्या दशकातच मांडलं होतं की लोकांच्या हाती येणारं उत्पन्न मालाच्या किमतीला पुरत नाही, तेव्हा सर्वांना राष्ट्रीय लाभांश द्या. ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये आले की किराण्याची उधारी फिटते, ही काही लहान गोष्ट नाही. पण पन्नाशीच्या विणकराला रिकामं बसवून त्याचा दिवस भरत नाही.

मला आधी तास कमी झालेले हवेत. रोख मदत, ज्यांचा माग कायमचा थांबला त्यांना, आणि तीही पोट भरेल एवढी.