नऊ महिने तेच एफएम केंद्र ऐकल्यानंतर

डोंबिवलीत माझे ब्लाउज शिवण्याचे छोटे काम आहे. तीन मशीन, मी आणि दोन मदतनीस. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत रेडिओ सुरू असतो, कारण हात आणि डोळे कामात अडकलेले असताना कान तेवढे मोकळे राहतात. मुंबईतल्या एका खाजगी एफएम केंद्रावर आम्ही अनेक वर्षे जुनी गाणी ऐकत होतो. गेल्या पाडव्यानंतरच्या सोमवारी ते केंद्र एका रात्रीत नव्या गाण्यांचे झाले आणि दुपारचे निवेदक, ज्यांचा आवाज आमच्या खोलीत घरच्या माणसासारखा झाला होता, निरोपाचे एक वाक्यही न बोलता गेले. रागाच्या भरात त्याच आठवड्यात हा अनुभव लिहायला बसले होते. लिहिला नाही ते बरे झाले, कारण नऊ महिन्यांत माझे निम्मे मत बदलले आहे. उरलेले निम्मे मात्र पक्के झाले आहे.

आधी बदललेल्या मताविषयी. नवी गाणी वाईट आहेत, असे मी आता म्हणणार नाही. आमच्याकडची धाकटी मुलगी काज करताना ती गुणगुणते आणि त्यांतली दोन-चार मलाही मनापासून आवडली. सकाळी लोकल खोळंबल्याची खबर तिथे लवकर मिळते, त्यामुळे गिऱ्हाइकाला वेळेवर फोन करता येतो. केंद्र जाहिरातींवर चालते, हेही समजून घ्यायला हवे. मुंबईत खाजगी एफएम २००२ मध्ये सुरू झाले, तेव्हाच्या परवान्याचे शुल्क ठरीव असून दर वर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत होते. ते ओझे पेलणे कठीण होते. विन ९४.६ त्या पहिल्या फळीतलेच, ते बंद पडले. गो ९२.५ पुढे रेडिओ वन झाले, नंतर त्याची जागाही बदलून ९४.३ झाली. २००५ च्या धोरणाने ठरीव शुल्काऐवजी उत्पन्नातला चार टक्के वाटा आणला, तेव्हा कुठे केंद्रांना श्वास घेता आला. अशा धंद्यात गाण्यांचे स्वरूप बदलण्याचा हक्क मालकाला आहे, हे मला मान्य आहे.

जे मान्य नाही ते हे. बदलानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात साडीला फॉल लावता लावता मावशींनी विचारले, “ताई, हे गाणं कोणी लिहिलंय हो?” मी म्हटले, थांबा, आता सांगतील. गाणे संपले, केंद्राचे नाव तीनदा घुमले, मग पंख्याची जाहिरात, मग पुढचे गाणे. कोणीच काही सांगितले नाही. जुने निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे घेत. मला वाटले, एखाद्या वेळी राहिले असेल. म्हणून एका मंगळवारी अकरा ते बारा या वेळात मापांच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत बसले. आठ गाणी लागली. केंद्राचे नाव सत्तावीस वेळा आले. गायकाचे नाव दोनदा आणि गीतकाराचे एकदाही नाही. पुढे निरनिराळ्या दिवशी असे अकरा तास मोजले. गीतकाराच्या रकान्यात एकूण एकच रेघ आहे, तीही तो गीतकार स्वतः मुलाखतीला आला होता म्हणून.

असे का होते, याचा मी बराच शोध घेतला. २००७ मध्ये मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूत रेडिओचे रेटिंग मोजण्याची रॅम नावाची पद्धत आली. त्यात शहरातल्या काहीशे निवडक लोकांना डायरी दिली जाई आणि आपण कोणते केंद्र कधी ऐकले, याची नोंद त्यांनी स्वतः करायची असे. कोट्यवधींच्या शहराची आवड त्या डायऱ्यांवरून ठरे. डायरी भरणारा माणूस कान लावून ऐकतो तेव्हा लिहीत नाही, पुष्कळदा नंतर आठवून लिहितो, आणि आठवते तेच नाव जे कानावर सतत आदळले असेल. म्हणून दर दोन मिनिटांनी केंद्राचे नाव घ्यायचे, ही सवय पडली. गीतकाराच्या नावाने डायरीत एक ओळही वाढत नाही, म्हणून ते गळाले. केंद्राच्या माणसांना कवींविषयी आकस आहे, असे मला वाटत नाही. जे मोजले जाते तेच बोलले जाते, इतकाच त्याचा अर्थ मी लावते.

नावाचा हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण या देशात रेडिओचे मोठे भांडण नावावरूनच झाले होते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, अशी भूमिका घेऊन आकाशवाणीने ते बंद केले, तेव्हा निर्मात्यांनी गाणीच काढून घेतली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिची उभारणी पंडित नरेंद्र शर्मा या कवीने केली होती आणि चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी नावे सांगण्याची रीत तिथे अजून टिकून आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. ज्याच्या शब्दांचे पैसे द्यावे लागतात, त्याचे नाव घ्यायला पाच सेकंदही मिळू नयेत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मी केंद्राला पत्र लिहिले. उत्तर म्हणून स्पर्धेत भाग घेण्याचा तयार मजकूर आला. पुन्हा लिहिले, पुन्हा तोच मजकूर. तिसऱ्या वेळी फोनवर एका मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि “वर कळवते” म्हणाली. त्याला आता चार महिने झाले.

दरम्यान १०२.८ वर विविध भारती लावून पाहिली. आधी नुसती खरखर होती. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आणि इमारती आड आल्या की अडखळतात. नवा रेडिओ घ्यायचा विचार होता, पण दोन हजार घालवण्याआधी विजेच्या दुकानातून चाळीस रुपयांची तांब्याची तार आणली, तिचे एक टोक रेडिओच्या दांड्याला गुंडाळले, दुसरे खिडकीच्या लाकडी चौकटीला बांधले. आवाज स्वच्छ झाला. पहिल्याच दुपारी निवेदिकेने गीतकाराचे नाव घेतले आणि मावशींनी मशीन थांबवून ते ऐकले. आता त्या नावे वहीत उतरवून ठेवतात, दोन पाने भरली आहेत.

सध्या सकाळी अकरापर्यंत लोकलच्या बातम्यांसाठी आणि धाकटीसाठी ते जुने केंद्र, नंतर दिवसभर १०२.८ अशी वाटणी आहे. केंद्राला तिसरे पत्र कालच टाकले. त्यात तक्रार कमी आणि हिशेब जास्त आहे: तासाला आठ गाणी, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे तासाला चाळीस सेकंद, एका जाहिरातीहून थोडे अधिक. उत्तर आले की इथेच भर घालीन.